टॉवरवरची लिंक मधूनच शंभरावर का येते?

इंटरनेट मंदावलं की माणूस पहिल्यांदा वर बघतो. गच्चीवर पांढरी डिश दिसते. ती हवेतून सिग्नल घेते एवढं सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून दोष हवेवर जातो. समोर नवी इमारत उठली असेल, पाऊस आडवा आला असेल, शेजारच्या गच्चीवर कुणी त्याच चॅनेलवर दुसरा रेडिओ, म्हणजे हवेतून इंटरनेट नेणारं असंच यंत्र, लावला असेल. घोडबंदर रोडला राहणाऱ्याला समोर इमारत उठण्याची शंका यायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. तरीही ठाणे आणि नवी मुंबईच्या गच्च्यांवर, खांबांवर आणि छोट्या टॉवरवर बसवलेल्या रेडिओंची जी 'मधूनच स्लो होतं, मग आपोआप ठीक होतं' छापाची तक्रार असते, तिचं मूळ बऱ्याचदा हवेत सापडत नाही. ते रेडिओच्या बुडाशी लोंबणाऱ्या इथरनेट केबलमध्ये असतं. आणि ते ओळखायला शिडी चढण्याआधी एक आकडा वाचता यावा लागतो.

हवेतला वेग उतारावरून घसरतो, तारेतला जिन्यावरून. वायरलेस रेडिओ हवामान आणि गोंगाट पाहून आपली चाल सतत थोडी थोडी बदलतो. आत्ता ३१०, मग २६०, मग १९०, पुन्हा २८० एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) असे वेडेवाकडे आकडे आले तर ती हवेची भाषा. तांब्याच्या इथरनेटला असे मधले आकडे माहीत नाहीत. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: १०००, १०० आणि १०. (नव्या रेडिओंत २५०० चीही पायरी असते, पण आपल्याकडच्या बहुतेक गच्च्यांवर अजून हजारचाच जमाना आहे.) पोर्ट, म्हणजे केबल खोचायची जागा, हजारवरून घसरला की थेट शंभरावर येतो, आणि स्पीड टेस्टमध्ये दिसतं ९४.

हा ९४ कुठून येतो ते कळलं की तो विसरता येत नाही. डेटाचं १५०० बाइटचं एक पॅकेट तारेवरून जाताना स्वतःबरोबर हेडर, तपासणीचा आकडा आणि दोन पॅकेटांमधली सक्तीची मोकळी जागा घेऊन जातं. तारेवर त्याची १५३८ बाइटची जागा खर्ची पडते आणि त्यातला तुमचा खरा माल साधारण १४४८ बाइट. १४४८ भागिले १५३८, म्हणजे ९४ टक्के. त्यामुळे तीनशेच्या लिंकवर सकाळपासून ९३, ९४, ९४ असा एकसुरी आकडा येत असेल तर डिशचं तोंड फिरवू नका. हवा इतकी शिस्तीत कधीच खराब होत नाही. अर्थात तुमचा प्लॅनच शंभरचा असेल तर हा आकडा काहीच सांगत नाही, तेव्हा आधी बिल बघा.

चार जोड्यांपैकी दोन

केबल सोलली की आत आठ तारा दिसतात, दोन-दोनच्या चार जोड्या. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. शंभरच्या इथरनेटला यातल्या दोनच लागतात: नारिंगी आणि हिरवी, म्हणजे कनेक्टरच्या १-२ आणि ३-६ या पिना. एकीवरून पाठवायचं, दुसरीवरून घ्यायचं. निळी आणि तपकिरी बसून असतात.

गिगाबिट, म्हणजे हजारचं इथरनेट, वेगळं चालतं. तांब्यावरच्या गिगाबिटचं मानक १९९९ साली आलं आणि त्याने चारही जोड्या कामाला लावल्या, त्याही दोन्ही दिशांनी एकाच वेळी. प्रत्येक जोडीवरून दोन्ही बाजूंनी २५० एमबीपीएस. दोन टोकांचे सिग्नल एकाच तारेवर एकमेकांत मिसळलेले असतात, आणि प्रत्येक टोकाची चिप आपण काय पाठवलं ते वजा करून समोरून काय आलं ते शोधते. शिवाय सिग्नलच्या पातळ्या शंभरच्या इथरनेटमध्ये तीन असतात, इथे पाच. पातळ्या जितक्या जवळ जवळ, तितका थोडासा गोंगाटही गोंधळ घालायला पुरतो. म्हणून जी केबल शंभरला वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते, तीच हजारला नखरे करते. 'कालपर्यंत चालत होती ना?' हा प्रश्न बरोबर आहे, फक्त काल ती अर्धीच वापरात होती.

आता दोन यंत्रं कुठल्या वेगावर बोलायचं हे कसं ठरवतात ते पाहू, कारण मधूनच होणाऱ्या घसरणीचं बरंचसं कोडं तिथेच सुटतं. केबल लागली की दोन्ही बाजू छोटे छोटे ठोके पाठवून आपल्याला काय काय जमतं ते सांगतात. याला ऑटो-नेगोशिएशन म्हणतात. गंमत अशी की हे ठोके फक्त नारिंगी आणि हिरव्या जोडीवरून जातात. निळी तुटलेली असली तरी बोलणी मस्त पार पडतात: 'मला हजार जमतं.' 'मलाही.' 'ठरलं तर मग.' त्यानंतर चारही जोड्यांवर काम सुरू करायला जातात आणि फसतात. पुन्हा बोलणी, पुन्हा हजार, पुन्हा फजिती. काही प्रयत्नांनंतर शहाणी चिप स्वतःच एक पायरी खाली येते आणि शंभरावर स्थिरावते. ज्या चिपमध्ये ही सोय नसते ती तशीच धडपडत राहते आणि पोर्टचा दिवा लागतो-विझतो, लागतो-विझतो. एकच दुखणं, पण एका ठिकाणी तक्रार येते 'स्लो आहे' आणि दुसऱ्या ठिकाणी 'बंदच आहे'.

यातली सर्वात उपयोगी गोष्ट अशी: पोर्ट एकदा शंभरावर आला की आपणहून परत हजारावर चढत नाही. लिंक एकदा पूर्ण तुटून नव्याने बोलणी होईपर्यंत तो तिथेच राहतो. पहाटे चारला वाऱ्याने कनेक्टर क्षणभर हलला, लिंक तुटली, शंभरावर जुळली. सकाळी दहाला ऑफिस उघडलं तेव्हा वारा नाही, पाऊस नाही, पण वेग ९४. मग कुणीतरी अडॅप्टर काढून लावतो, नव्याने बोलणी होतात, हजार येतो आणि 'रीस्टार्ट केलं की होतं' हा समज पक्का होतो. रीस्टार्टने दोष गेलेला नसतो. फक्त त्याचा पुरावा पुसला जातो.

खारी हवा आणि निळी जोडी

टॉवरवरच्या रेडिओला वेगळी वीज नसते. डेटाच्याच केबलमधून वीज जाते, म्हणजे पीओई. खाली एक अडॅप्टर असतो, ज्याला आपल्याकडे कुणी इंजेक्टर म्हणतं, कुणी नुसतंच 'पॉवर'. २४ व्होल्टच्या साध्या पीओईमध्ये साधारणपणे निळ्या जोडीवर, म्हणजे ४ आणि ५ नंबरच्या पिनांवर, धन भार असतो आणि तपकिरीवर, म्हणजे ७-८ वर, ऋण.

आता वाशी, ऐरोली, नेरूळ, बेलापूर किंवा ठाण्याची कोपरी डोळ्यांसमोर आणा. खाडीची खारट दमट हवा, जून ते सप्टेंबर पाऊस, आणि कनेक्टरमध्ये पिना एकमेकींपासून जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर. त्यांच्यावर मीठमिश्रित पाण्याचा पातळ थर बसला आणि वर कायमची डीसी वीज असली की धन बाजूच्या पिनेचं तांबं हळूहळू विरघळू लागतं. पिनेवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. चालू विजेत कनेक्टर काढला-घातला की ठिणगी पडून तो आधीच उडालेला असतो, मग काम आणखी सोपं होतं. काही महिन्यांनी कनेक्टर काढला तर आत हिरवट पूड दिसते. टॉवरवर काम करणारी पोरं 'हिरवं धरलंय' म्हणतात, ते हेच.

गंजणं पहिल्यांदा निळ्या जोडीवर होतं हे मुद्द्याचं आहे. समजा ४ नंबरची पिन गेली. धन वीज ५ वरून जाते, रेडिओ चालू राहतो, त्याचा दिवा जळत असतो. शंभरला निळी जोडी लागतच नाही, म्हणून डेटाही चालू राहतो. गेलं फक्त गिगाबिट. सगळं चालू आहे, कुठेच लाल दिवा नाही आणि तरी पोर्टचा वेग एक-दशांश. पिन अर्धवट गेली असेल तर कोरड्या हवेत हजार, दमट हवेत शंभर. मधूनच म्हणजे नेमकं कधी, याचं उत्तर मग हवामान देतं.

याला आमंत्रण बहुतेक वेळा कनेक्टर लावणाराच देतो. रेडिओच्या बुडाचं रबरी बूच किंवा ग्लँड घट्ट न करणं, केबल वरून सरळ कनेक्टरमध्ये उतरवणं, ही नेहमीची कारणं. केबल रेडिओत शिरण्यापूर्वी खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळातून गळून जातं. बाहेरचं आवरण कुठे चिरलं असेल तर पाणी केबलच्या आतून, तारांच्या पिळांतल्या फटींमधून, थेट खालच्या स्विचपर्यंत, म्हणजे नेटच्या केबली जोडायच्या डब्यापर्यंत, उतरू शकतं. पाचव्या मजल्यावरच्या कोरड्या खोलीत स्विचच्या पोर्टमध्ये पाणी दिसलं तर छतात गळती शोधू नका.

सील करायला काय वापरता हेही बघा. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि ते तांब्याला खातं. बाथरूमच्या टाइल्सला ते ठीक, कनेक्टरच्या आसपास नको. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलं सिलिकॉन घ्या, किंवा स्वतःलाच चिकटणारी रबराची टेप ताणून गुंडाळा. साधी काळी पीव्हीसी टेप एका उन्हाळ्यात सुटते आणि मग पाणी धरून ठेवायचं काम करते.

स्वस्त केबलचा हिशोब

'सीसीए' अशी अक्षरं असलेली केबल बाजारात खऱ्या तांब्याच्या केबलपेक्षा बरीच स्वस्त मिळते. तिच्यात तार ॲल्युमिनियमची असते, वर तांब्याचा नुसता लेप. घरात दहा मीटर टाकली तर कदाचित काही होणार नाही. टॉवरवर ती का चालत नाही ते आकड्यांनी पाहू.

साध्या २४ गेज जाडीच्या तांब्याच्या तारेचा विरोध १०० मीटरला साधारण ८.४ ओहम. केबल ६० मीटर, वीज २४ व्होल्ट, रेडिओची भूक १५ वॅट असं धरा. जायला दोन तारा समांतर, यायला दोन. एकूण विरोध होतो सुमारे ५ ओहम. हिशोब मांडला तर खालून निघालेले २४ व्होल्ट वर पोचेपर्यंत साधारण २० उरतात. चालून जातं. तीच लांबी सीसीएमध्ये, जिचा विरोध दीडपट किंवा त्याहून थोडा जास्त, तर वर पोचतात १७ च्या आसपास. रेडिओ धापा टाकत चालतो. आता यात वरची ४ नंबरची पिन गंजली अशी कल्पना करा. जाणारी एकच तार उरली. त्या केबलमधून आता कसंही केलं तरी १३ वॅटसुद्धा वर पोचू शकत नाहीत, आणि रेडिओला हवेत १५. रात्री ट्रॅफिक कमी असताना भूक कमी, तेव्हा चालतो. संध्याकाळी सगळी सोसायटी सिनेमा बघायला बसली की रेडिओ स्वतःच रीस्टार्ट होतो. तक्रार मात्र येते ती 'संध्याकाळी नेट जातं' अशी आणि सगळे समजतात की लोड वाढला. लोड वाढलाच, पण विजेचा.

४८ व्होल्टची वीज वापरणाऱ्या रेडिओला हा त्रास फार कमी. त्याच तांब्याच्या केबलवर त्याचे दीड-पावणेदोन व्होल्टच पडतात. केबल सीसीए आहे का हे ओळखायला ब्लेडने तार खरवडा. आत चंदेरी दिसली तर ॲल्युमिनियम. ३०५ मीटरचा बॉक्स उचलतानाच वजनातला फरक हाताला कळतो.

लांबीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. इथरनेटची मर्यादा १०० मीटर, ती स्विचपासून रेडिओपर्यंत. मधला साधा इंजेक्टर सिग्नल नव्याने तयार करत नाही, फक्त वीज मिसळतो. त्यामुळे 'इंजेक्टरपासून पुढे शंभर' असं मोजणं चूक. तीस मजली इमारतीत मजल्याला तीन मीटर धरले तरी उभेच नव्वद होतात, मग तळमजल्यावरच्या पॅनेलपर्यंतचं आडवं अंतर आणि गच्चीवरचा फेरा कुठे बसवणार? त्यात उन्हाचा हिशोब वेगळा. केबल तापली की सिग्नल जास्त क्षीण होतो; मानकांमध्ये साध्या केबलसाठी २० अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढ धरतात आणि ४० च्या पुढे त्याहून जास्त. मे महिन्यात सिमेंटच्या गच्चीवर काळी केबल पडलेली असते तेव्हा ती साठच्या आसपास सहज जाते. काठावर पास झालेली लांब केबल मग दुपारी एक ते चार नापास होते. ऊन उतरलं की दोष जातो, आणि तंत्रज्ञ येतो संध्याकाळी पाचला.

आधी वेळ, मग शिडी

म्हणूनच टॉवरवर चढण्याआधी 'किती पडतो' यापेक्षा 'कधी पडतो' हे विचारायचं. बहुतेक रेडिओ आणि स्विच लिंक कधी तुटली-जुळली ते लॉगमध्ये लिहून ठेवतात. पण दोन अडचणी असतात. रेडिओचं घड्याळ बिघडलेलं असतं. रीस्टार्ट झाला की तो १९७० सालात जाऊन बसतो. त्याला एनटीपी लावा, म्हणजे तो नेटवरून वेळ घेईल. दुसरं, लॉग रेडिओच्या मेमरीतच असतो आणि वीज गेली की जातो. तो खालच्या एखाद्या कॉम्प्युटरवर किंवा राउटरवर पाठवायची सोय करा. आठवडाभराचा असा लॉग हातात असला तर निम्मं काम झालं म्हणा.

मग अपटाइम बघा, म्हणजे रेडिओ किती वेळ सलग चालू आहे ते. लिंक तुटल्याच्या वेळी अपटाइमही शून्यावर गेला असेल तर प्रश्न विजेचा: अडॅप्टर, केबलचा विरोध, सोसायटीच्या जनरेटरची अदलाबदल. अपटाइम चालूच आहे पण पोर्ट पडला, तर प्रश्न डेटाच्या जोड्यांचा. हा एक फरक न पाहिल्यामुळे चांगले रेडिओ बदलले जातात.

वेळा कागदावर मांडल्या की कधी कधी आकार दिसू लागतो. दुपारचाच ठरावीक वेळ असेल तर ऊन. पावसाच्या पहिल्या सरीनंतर सुरू होऊन ऊन पडल्यावर दोन-तीन तासांनी थांबत असेल तर कनेक्टरमध्ये ओल. सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ असेल तर केबल लिफ्टच्या मशीन रूमजवळून गेली आहे का ते पाहा. आताच्या लिफ्टच्या मोटारींना वेग बदलणारे ड्राइव्ह असतात, ते जोरदार विद्युत गोंगाट करतात, आणि गच्चीवर जायची सोपी वाट नेमकी त्याच डक्टमधून असते. मोटारीच्या पॉवर केबलला आपली केबल टायने बांधलेली मी बघतो तेव्हा बांधणाऱ्याची नीटनेटकेपणाची हौस कळते, पण हातभर अंतर ठेवून अव्यवस्थित टाकली असती तर बरं झालं असतं. आणि येऊरच्या पायथ्याशी, जंगलाला लागून असलेल्या इमारतींमध्ये वेळेचा काहीच मेळ लागत नसेल तर माकडांना संशयितांच्या यादीत घ्या. हे विनोदाने म्हणत नाही.

गच्चीची चावी सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी गावाला, ही अडचण मात्र कुठल्याच लॉगमध्ये सापडत नाही.

तोपर्यंत खाली बसून करण्यासारखं बरंच असतं. पहिली चाचणी: रेडिओच्या स्वतःच्या पानावर रेडिओ-ते-रेडिओ वेग मोजायची सोय असते. ती चाचणी फक्त हवेतली असते, इथरनेट केबल तिच्यात येत नाही. तिथे ३०० आले आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ९४, तर खटला निकालात निघाला. मग दोन्ही टोकांचा लॅन स्पीड, म्हणजे केबलच्या पोर्टचा वेग, वाचा. फक्त आपल्या बाजूचा नाही, पलीकडच्या टॉवरचाही. वागळे इस्टेटच्या ऑफिसातली तक्रार असते आणि गंजलेला कनेक्टर महापेच्या गोदामावर, असं होऊ शकतं.

लॅन स्पीड दोन्हीकडे हजार दिसतोय आणि तरी त्रास आहे, तर चुकांचे आकडे बघा. स्विचमध्ये त्यांना सीआरसी किंवा एफसीएस एरर म्हणतात. प्रत्येक पॅकेटच्या शेपटीला एक तपासणीचा आकडा असतो. तो जुळला नाही तर पॅकेट गुपचूप फेकून दिलं जातं. चांगल्या केबलवर दिवसभरात हा काउंटर शून्यावर राहायला हवा. हजारात एक पॅकेट जरी असं गेलं तरी एखादं मोठं डाउनलोड एकदम बसतं, कारण पाठवणारा पॅकेट हरवलं म्हणजे रस्त्यात गर्दी आहे असं समजून आपला वेग कापतो. काउंटर आज शून्य करा, उद्या वाचा. गेल्या वर्षीचे साचलेले एरर बघून आज केबल बदलू नका.

बऱ्याच राउटर-स्विचमध्ये केबल टेस्टही असते. मिक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्ये आहे, लिनक्सच्या ethtool सारख्या अवजारातही आहे, अर्थात पोर्टच्या चिपला जमत असेल तर. ती जोडीवर एक ठोका पाठवते आणि तो कुठून परत येतो ते मोजते. केबलमध्ये सिग्नल मायक्रोसेकंदाला साधारण २०० मीटर जातो, त्यामुळे शंभर मीटरच्या टोकाशी तार तुटली असेल तर प्रतिध्वनी एका मायक्रोसेकंदात येतो. उत्तर मिळतं: 'निळी जोडी, ५८ मीटरवर उघडी.' तुमची केबल साठ मीटरची असेल तर दोष वरच्या कनेक्टरमध्येच. दोन गोष्टी लक्षात ठेवा. चाचणी चालू असताना लिंक पडते. आणि ती वेग पडलेला असतानाच करायची, रीस्टार्ट करून नाही.

दिव्यांच्या छोट्या टेस्टरवर मात्र फार विश्वास ठेवू नका. तो फक्त टोकाला टोक जुळलंय का ते सांगतो. एखाद्याने कनेक्टर मारताना रंग सरळ ओळीने लावले, नारिंगीची जोडी, हिरवीची जोडी, निळीची, तपकिरीची, असे दोन्ही टोकांना सारखेच, तर आठही दिवे ओळीने लागतात. पण ३ आणि ६ या पिनांवर मग वेगवेगळ्या जोड्यांच्या तारा येतात, आणि पिळाचा सगळा फायदा जातो. दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात म्हणून बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखा पडतो आणि वजा होतो. जोडी फुटली की गोंगाट आत शिरतो. योग्य क्रम, डावीकडून: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडायचा नाही.

बदलाबदली खालून वर करायची, कारण खालचं स्वस्त आणि हाताशी असतं: पॅच कॉर्ड (छोटी जोडकेबल), स्विचचा पोर्ट, अडॅप्टर. मग सर्ज प्रोटेक्टर. हा भाग फार कमी लोक तपासतात. जवळपास वीज पडली की तो झटका स्वतःवर घेतो आणि रेडिओ वाचवतो, पण नंतर अर्धमेला होऊन लाइनमध्येच बसून राहतो. सिग्नल थोडा गळतो आणि गिगाबिट डळमळतं. थोडा वेळ तो बाजूला काढून सरळ जोडून बघा. अर्थात कोरड्या दिवशी, आकाश स्वच्छ असताना. मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये ढग जमत असतील तर टॉवरवर जाण्यापूर्वी दामिनी ॲप उघडा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने बनवलेलं हे ॲप आसपासच्या विजांचा इशारा देतं. आणि वर जायचं ते पीओई बंद करून, हार्नेस लावून.

दोन उपाय जे त्रास वाढवतात

वेग सारखा पडतो म्हणून काही जण सेटिंगमध्ये जाऊन ऑटो काढतात आणि हजार पक्के करतात. तांब्यावरच्या गिगाबिटला ऑटो-नेगोशिएशन मानकानुसारच बंधनकारक आहे, कारण कोणाच्या घड्याळावर चालायचं हेही त्याच बोलण्यांत ठरतं. पक्कं केलं की कधी काहीच होत नाही, कधी लिंकच उठत नाही.

दुसरा उपाय जास्त घातक: एका बाजूला १०० फुल डुप्लेक्स (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणं) पक्कं, दुसरी बाजू ऑटोवर. ऑटो बाजूला समोरून बोलणीच ऐकू येत नाहीत. ती सिग्नलवरून वेग शंभर आहे एवढं ओळखते, पण डुप्लेक्स कळायला मार्ग नसतो, म्हणून नियमाप्रमाणे हाफ, म्हणजे आळीपाळीने बोलणं, धरते. आता एक बाजू हवं तेव्हा बोलते आणि दुसरी समोरचा थांबायची वाट बघते. पिंग, म्हणजे छोट्या पॅकेटांची चाचणी, एकदम छान येतो, पॅकेट लॉस दिसत नाही, आणि फाइल पाठवायला घेतली की सगळं कोसळतं.

टॉवरवर लगेच जाता येणार नसेल तर एक सभ्य मार्ग आहे. ऑटो चालूच ठेवा, पण जाहीर करायच्या यादीतून १००० काढून टाका. मग दोन्ही बाजू नीट बोलणी करून १०० फुलवर थांबतात आणि निळी-तपकिरीच्या भानगडीत पडत नाहीत. लिंकवर तसंही ऐंशी-नव्वदच्या वर ट्रॅफिक जात नसेल तर हा तात्पुरता उपाय वर्षभरही टिकतो. हजारावर उठबस करणाऱ्या पोर्टपेक्षा शंभरावर गप्प बसलेला पोर्ट मला केव्हाही परवडतो. कारण प्रत्येक उठबशीला बोलण्यांचे दोन-चार सेकंद जातातच, शिवाय स्विचमध्ये जुन्या पद्धतीचं स्पॅनिंग ट्री (केबलींचं चक्र होऊ नये म्हणून असलेली सोय) चालू असेल तर पोर्ट उठल्यावरही तीस सेकंद तो काहीच पुढे जाऊ देत नाही. क्षणभराचा लूज कॉन्टॅक्ट, अर्ध्या मिनिटाची बोंब. वीज वाचवणारं 'ग्रीन इथरनेट' किंवा ईईई हे सेटिंगही एकदा बंद करून पाहावं. काही चिपच्या जोड्या त्याच्यामुळे विनाकारण झोपतात.

शील्ड, अर्थिंग आणि मग फायबर

टॉवरवर इतरही बिऱ्हाडं असतील, विशेषतः एफएम रेडिओचा ट्रान्समीटर जवळ असेल, तर वेगळाच प्रकार दिसतो. एफएम चालतं ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर. शंभरच्या इथरनेटची बरीचशी ताकद त्याच्या खूप खाली असते. गिगाबिट मात्र नाजूक पातळ्यांवर चालतं, त्यामुळे लांब उभी केबल अँटेनासारखी ते प्रसारण पकडते आणि चुका वाढतात. इथे शील्ड, म्हणजे धातूचं वेष्टण, असलेली केबल लागते, आणि तिला धातूचाच कनेक्टर, शील्डची तार त्याला नीट टेकलेली. शील्डवाल्या केबलला साधा प्लॅस्टिकचा कनेक्टर मारला की शील्ड हवेत लटकते आणि पैसे देऊन अँटेनाच विकत घेतल्यासारखं होतं.

शील्ड अर्थ करताना टॉवरचं आणि खोलीतलं अर्थिंग वेगवेगळं असेल तर त्यांच्यातल्या व्होल्टेजच्या फरकाचा करंट शील्डमधून वाहू लागतो. जुन्या इमारतीत खोलीतलं अर्थिंग म्हणजे भिंतीतल्या सॉकेटचं तिसरं भोक एवढंच असतं, त्यामागे तार आहे की नाही ते देव जाणे. मीटर लावून बघितल्याशिवाय शील्ड जोडू नका; दोन्ही अर्थिंग जाड तारेने एकमेकांना जोडणं हा त्यावरचा खरा उपाय.

उंची साठ-सत्तर मीटरच्या पुढे असेल, एफएम शेजारी असेल किंवा दर पावसाळ्यात तोच खेळ होत असेल, तर मी तांब्यावर अजून पैसे घालायला सांगणार नाही. अनेक मोठ्या रेडिओंना आता एसएफपीचा, म्हणजे फायबरचं मॉड्यूल बसवायचा, खण असतो. त्यात फायबर जातं. काचेला गंज नाही, लिफ्टचा गोंगाट नाही, शंभर मीटरची अट नाही, वरून खाली विजेचा झटका आणायला धातूही नाही. रेडिओला वीज मात्र लागतेच, ती ४८ व्होल्ट डीसीची जाड दोन तारांची केबल टाकून वेगळी न्यायची आणि तिला वेगळा सर्ज प्रोटेक्टर लावायचा. केबलच्या दुकानात उंदीर कुरतडू नयेत म्हणून पोलादी चिलखताचं फायबर देतात, डक्टसाठी ते चांगलं. पण टॉवरवर ते चिलखत अर्थ करावंच लागतं, नाहीतर आकाशातली वीज त्याच वाटेने खाली येते. त्यापेक्षा टॉवरच्या उभ्या भागात धातू नसलेलं फायबर पाइपातून घ्यायचं आणि चिलखताचं फक्त डक्टमध्ये ठेवायचं.